टाकी आज रिकामी का आहे

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रण पत्रिकेत अकरा वाजता "मत्स्यालयाचे उद्घाटन" असं छापलेलं आहे. मघाशी तुम्ही सगळे प्रयोगशाळेत जाऊन आलात. काचेची टाकी बघितली, आत पाणी बघितलं, दगड बघितले आणि मासे कुठं दिसले नाहीत. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पैसे तर सगळ्यांनी भरले, मग मासे कामून नाहीत?" एकानं तर खिडकीखालचा गोधडी गुंडाळलेला टप बघून विचारलं, जेवणाचं काही ठेवलंय का. अरे, जेवण मागच्या पटांगणात आहे. त्या टपात आपले मासे आहेत.

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत. आधी ठरलेला विषय होता "माझी संगणक क्षेत्रातील वाटचाल". तो बाजूला ठेवते. वाटचाल काही फार नाही. इथून नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षं पॅसेंजरनं अप-डाऊन केलं, मग पुण्याला गेले, आणि तिथंच आहे. त्यापेक्षा गुरुवारपासून या शाळेत काय चाललंय ते सांगते.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आपला रेल्वेतला मित्र, नाव घेत नाही, तो समोर बसलाय आणि आत्ताच लाजलाय, त्याचा फोन. "अगं, मासे आले की!" मी म्हटलं, कोणते मासे? म्हणाला, थर्माकोलचा डबा आलाय पार्सलनं, वर "जिवंत मासे" लिहिलंय. विक्रेत्याला आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवायला सांगितलं होतं. ग्रुपमधल्या कोणीतरी मधेच त्याला मेळाव्याची तारीख कळवली, चांगल्या भावनेनं, "त्या दिवशी सगळे जमणार आहेत" म्हणून. त्यानं उलटून विचारलं नाही, आम्हीही खात्री केली नाही. मासे तीन आठवडे आधी येऊन फलाटावर बसले.

मित्राचं पुढचं वाक्य: "टाकीत पाणी आहे, दगड आहेत, पंप चालू आहे. सोडून देऊ का मग?"

मी नको म्हणाले, जरा ओरडूनच. त्या ओरडण्यामागचं कारण जुनं आहे.

2016 साली पुण्यात मी माझी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. टाकी भरून सहा दिवस झाले होते आणि दुकानदार म्हणाला, आठवडा म्हणजे पुष्कळ झालं. मी क्षार मोजले, तापमान मोजलं, पीएच मोजला. सगळे आकडे पुस्तकात दिल्यासारखे. पाणी तर इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. चार मासे आणले, सोडले, फोटो काढले. चौथ्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले. सहाव्या दिवशी एकच उरला. मी ज्या गोष्टी मोजल्या त्या सगळ्या बरोबर होत्या. जी मोजायला हवी होती ती मोजलीच नव्हती. मुलगी टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "आई, तू तर म्हणालीस सगळं तयार आहे." मी तिला काही उत्तर दिलं नाही. दुकानदाराला मात्र खूप बोलले, त्यात अर्थ नव्हता.

न मोजलेली ती गोष्ट म्हणजे अमोनिया.

सर, आपण आम्हाला नायट्रोजनचं चक्र फळ्यावर काढून दिलं होतं, बाण काढून. मी ते परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं आणि विसरले. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत साठतो. तो खाणारे जिवाणू असतात. एका प्रकारचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर, गाळणीच्या स्पंजवर राहतात आणि फार सावकाश वाढतात. दूध विरजायला एक रात्र लागते, टाकी विरजायला चार ते सहा आठवडे. त्या काळात टाकी बाहेरून अगदी तयार दिसते, हीच मुख्य अडचण.

आपली टाकी तीन फुटी आहे. त्यात साधारण 180 लीटर पाणी आणि सव्वासहा किलो क्षार आहेत. हे घरातलं मीठ नव्हे, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात असलेलं तयार मिश्रण आहे. दगड चुनखडीचे, सुके. समुद्रातला जिवंत प्रवाळ दगड लावला की टाकी लवकर तयार होते असं तुम्ही यूट्यूबवर बघाल, पण आपल्याकडे प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शाळेत तर ते आणायचं नावच काढू नका.

जिवाणू वाढवायचे तर त्यांना खाऊ हवा, म्हणजे अमोनिया. तो आम्ही प्रयोगशाळेतल्या बाटलीतून दिला. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात पांढरी पूड टाकायचा आणि नाकात झणझणीत धूर जायचा, तोच. फक्त कल्हईवाल्याचा शुद्ध नसतो, म्हणून प्रयोगशाळेचा घेतला. एका लीटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया व्हावा म्हणून पूर्ण टाकीला फक्त सव्वा ग्रॅमच्या आत लागला, चिमूटभर. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला की टाकी तयार. गुरुवारी टाकीला सतरा दिवस झाले होते आणि आकडा 1 च्या वर होता. म्हणजे मासे सोडले असते तर आम्ही मुद्दाम घातलेल्या विषातच सोडले असते.

तर मित्राला म्हटलं, पहिलं काम, डबा अंधारात ठेव आणि पिशव्या उघडू नको. दुसरं, शाळेत ये.

पिशव्या का उघडायच्या नाहीत, हे मलाही खूप उशिरा कळलं होतं. मासा रात्रभर बंद पिशवीत असतो. श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यानं पाणी थोडं आंबट होतं, पीएच खाली येतो. अमोनियाही साठत असतो, पण पीएच खाली असल्यामुळे त्याचा बहुतेक भाग अमोनियम होऊन बसतो, आणि अमोनियम त्या मानानं निरुपद्रवी. म्हणजे ते घाणेरडं पाणी स्वतःच माशाला सांभाळत असतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम परत विषारी अमोनिया होतो. पीएच एकानं वाढला की विषारी वाटा जवळपास दहापट. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला तासभर थेंब थेंब पाणी देऊन सवय करतात, ते ठीक. पण लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून ठेवून तासभर थेंब सोडत बसणं म्हणजे काळजीच्या नावाखाली मारणं. आधी टप पूर्ण तयार करायचा, मगच कात्री हातात घ्यायची.

टपाला पाणी कुठून आणलं? इथं मी थोडी फुशारकी मारते. टाकी मांडली तेव्हाच मी हट्ट धरला होता की 100 लीटरचा एक ड्रम खारं पाणी कायम तयार पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यावरून माझी चेष्टा झाली होती, "पूर्णेत समुद्र साठवणार का" म्हणून. क्षार घालून पाणी चोवीस तास ढवळत राहावं लागतं, ऐनवेळी कालवलेलं कच्चं पाणी चालत नाही. आणि ते पाणी गावात मिळणाऱ्या वीस लीटरच्या जारचं, टीडीएस मोजून घेतलेलं. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते ज्यांनी इथं गीझर लावलाय त्यांना विचारा.

मग विक्रेत्याला फोन लावला आणि भांडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, पिशवीतल्या पाण्याची घनता किती? 1.021 म्हणाला. आमचा ड्रम 1.025 चा. पुष्कळ विक्रेते पाणी थोडं कमी खारट ठेवतात. मासा कमी खारट पाण्यात पटकन गेला तर सोसतो, जास्त खारट पाण्यात पटकन गेला तर आतून सुकतो. म्हणून टपात 34 लीटर ड्रमचं आणि 6 लीटर जारचं पाणी घातलं. झालं 1.021. आता रोज थोडं थोडं वाढवत टाकीच्या बरोबरीला आणायचं. हे सगळं व्हिडिओ कॉलवर. शिपाईकाकांनी अपवर्तनमापीतून बघून आकडा वाचला, पहिल्याच वेळी अचूक. काका मागं उभे आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.

(टाळ्या)

टप नवीन, कधी साबण न लागलेला. डिसेंबरात परभणीची थंडी पेपरात छापून येते हे तुम्हाला माहीत आहे, सकाळचं पाणी गारठलेलं होतं. हीटर लावून 26 अंशांवर आणलं. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा, कारण वीज जाणार हे गृहीत. बंद पिशव्या वीस मिनिटं टपात तरंगत ठेवल्या, तापमान सारखं झालं, मग एकेक उघडून मासा तेवढा उचलून टपात. पिशवीतलं पाणी मोरीत. लपायला पाइपचे तुकडे टाकले. वरून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली, कारण फायरफिश नावाचा मासा उडी मारतो. डॅमसेल भांडकुदळ, त्याला भाजीच्या जाळीदार परडीत वेगळं बसवलं. परडी काकूंच्या स्वयंपाकघरातून आली. त्यांनी ती परत मागितलेली नाही, मागणारही नाहीत बहुतेक.

एकूण चार मासे आले. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, एक फायरफिश. फायरफिश पिशवीतच आडवा पडलेला होता. टपात एकदा सरळ झाला, पाइपमागे गेला. शुक्रवारी सकाळी काकांना तळाशी सापडला. त्यांनी मला लगेच फोन केला नाही, दुपारी केला. म्हणाले, "ताई, तुम्ही निघायच्या गडबडीत असाल म्हणून सांगितलं नाही." मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं काही चुकलं नाही. आणि ते खरं आहे. चूक पार्सल निघण्याच्या आधीची होती आणि ती आम्हा चाळीस जणांची आहे.

उरलेल्या तिघांचं काय? टपात जिवाणू नाहीत. म्हणजे अमोनिया रोज तयार होणार आणि तो काढायला फक्त आपले हात. पहिल्या दिवशी खायला अजिबात दिलं नाही. मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही, खाल्लं तर घाण करतो. आपल्याकडे आल्या-गेल्याला आधी खाऊ घालायची रीत आहे, त्यामुळे हे समजावून सांगणं सगळ्यात अवघड गेलं. कोणीतरी गुरुवारी रात्री चुरमुरे टाकायच्या बेतात होतं. आता दिवसाआड चिमटीएवढं देतो, उरलेलं पाच मिनिटांत नळीनं ओढून घेतो. रोज अर्धं पाणी बदलायचं, म्हणजे 20 लीटर, त्याच तापमानाचं आणि तेवढंच खारट. संध्याकाळी अमोनिया तपासायचा. अमोनिया बांधून ठेवणारं औषध मिळतं, एक बाटली आणून ठेवली आहे. पण ते रात्री-अपरात्रीसाठी, त्यानं पाणी बदलणं सुटत नाही. शिवाय ते घातल्यावर साधी तपासणी बांधलेला अमोनियाही दाखवते, म्हणजे आकड्यावरून काही कळेनासं होतं.

शुक्रवारी रात्री मी पुण्याहून निघाले तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, मुलांना लाडू नेताय का. त्यात माझ्या टाकीतले दोन स्पंज होते, त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेले. तेच विरजण. माझ्या टाकीत दीड वर्षात नवा मासा आलेला नाही, म्हणून रोगाची भीती कमी होती, नाहीतर मी हे केलं नसतं. एक स्पंज टपाच्या गाळणीत घातला, एक मोठ्या टाकीत. शनिवारी संध्याकाळी टाकीचा आकडा 1 होता, आज सकाळी अर्धा. नायट्राइट अजून भरपूर आहे. पण खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्याच्या टाकीत हाच आकडा बघून मी घाबरले असते. आपलं खरं भांडण अमोनियाशी आहे.

हे टपाचं प्रकरण अगदीच वाईट नाही असं माझं मत झालंय. नवे मासे तसेही तीन-चार आठवडे वेगळे ठेवायला हवेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग असतो. तो एकदा मोठ्या टाकीत शिरला की काढता काढत नाही. टपात दिसला तर तिथंच उपचार होतो.

आता मूळ प्रश्न, पूर्णेत खाऱ्या पाण्याची टाकी हवीच कशाला? मतदान झालं तेव्हा मी गोड्या पाण्याच्या बाजूनं मत दिलं होतं आणि हरले होते. गावाशेजारी नदी आहे, वर येलदरी आहे, आपल्या भोई मित्रांना पंधरा जातींचे मासे तोंडपाठ आहेत. ते मुलांना दाखवणं सोपं आणि स्वस्त. अजूनही मला तसं वाटतं.

पण त्या मतदानात एका मैत्रिणीनं लिहिलं, "तारापोरवाला आठवतंय का?" आणि मी गप्प बसले. नववीत शाळेची मुंबईची सहल गेली होती. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 पासूनचं, तिथं तुम्ही खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पहिल्यांदा बघितलेत. परत आल्यावर आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. वर्गातली निम्मी मुलं त्या सहलीला नव्हती. मी नव्हते. वडील रेल्वेत फिटर, आम्ही चार भावंडं, आणि मी सहलीचं पत्रक घरी दाखवलंच नाही. तुमच्याकडून ऐकून ऐकून मी ते मासे इतके पाठ केले होते की कोणी विचारलं तर मीही गेले होते असं सांगायचे. मैत्रिणीला हे माहीत होतं. आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगतेय. बाई, आपण मला तेव्हा सहलीवर निबंध लिहायला सांगितला होता आणि तो वर्गात वाचून दाखवला होता. तो पूर्ण खोटा होता.

(हशा)

असो. आलेले क्लाउनफिश समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीत जन्मलेले आहेत, हे विक्रेत्याकडून आम्ही लेखी घेतलं आहे. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानं त्यांची पैदास करून दाखवली, आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही ते वाढवतात. मुलींना सांगायला एक गंमत: क्लाउनफिशचं प्रत्येक पिल्लू आधी नर असतं, आणि जोडीतला मोठा असतो तो पुढं मादी होतो. त्या घरात बाईचंच चालतं. नववीच्या मुलींना काल हे सांगितलं तर त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं, अभ्यासात नसूनही.

ती वही टपाशेजारी दोऱ्यानं बांधलेली आहे. तारीख, वेळ, तापमान, घनता, अमोनिया, कोणी मोजलं. रोज दोन मुली आणि काका. मी ऑफिसात लोकांना नोंदी ठेवा म्हणून दहा वर्षं सांगतेय, त्यांच्यापेक्षा या मुलींचं अक्षर आणि शिस्त दोन्ही बरी आहे. वीज गेली तर काय करायचं हे पहिल्याच पानावर आहे: हवेचा पंप बॅटरीवर, गरम पाण्याच्या बंद बाटल्या टपात तरंगत सोडायच्या, गोधडी घट्ट. काल रात्री दोन तास वीज नव्हती. तापमान दोन अंशांनीही उतरलं नाही. गोधडी माझ्या आईची आहे.

तेव्हा आज फीत कापायची नाही. अध्यक्षांची मी कालच माफी मागितली आहे. टाकीत अमोनिया घालून तो एका दिवसात शून्यावर आल्याचं सलग दोनदा वहीत दिसलं आणि माशांच्या अंगावर चार आठवडे काही निघालं नाही, तरच ते मोठ्या टाकीत जातील. पाणी जुळवून, आधी क्लाउनफिश, डॅमसेल सगळ्यात शेवटी. म्हणजे जानेवारीचा शेवट. फोटो मुली ग्रुपवर टाकतील. तोपर्यंत कृपया कोणीही आणखी मासे पाठवू नका, भेट म्हणूनही नको.

दुपारी चारला पाणी बदलायचंय. 20 लीटरचा जार उचलतील असे दोघं हवेत, आणि एक जण आकडा वाचायला. सर, आकडा तुम्ही वाचलात तर मुलींना फार आवडेल. चष्मा घेऊन या.